जुन्या कारखान्याचे विश्वस्त

परंपरेने हाती आलेली वस्तू जशीच्या तशी पुढील पिढीच्या स्वाधीन करावी, की काळ ओळखून तिचे रूप पालटावे, हा प्रश्न देवस्थानाशी संबंध असलेल्या कुटुंबांस नवा नाही. जीर्णोद्धाराचा विषय निघाला की सभेत दोन पक्ष पडतात, आणि दोहोंसही आपणच देवाचे खरे सेवक आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते. तथापि देवालयाच्या बाबतीत कोणाची चूल विझण्याचा प्रसंग सहसा येत नाही. जेथे तो येतो तेथे हाच प्रश्न किती कठोर होतो, हे पाहावयाचे असल्यास मोटारींच्या जुन्या कारखान्यांकडे पाहावे.

जर्मनीतील फोक्सवॅगन ही संस्था १९३७ साली स्थापन झाली. तिच्या ‘बीटल’ या एकाच मोटारीच्या २००३ पर्यंत सुमारे २ कोटी १५ लाख गाड्या निघाल्या. अशा घराण्यास २०१५ च्या सप्टेंबरात मोठा कलंक लागला. डिझेल गाडीची तपासणी चालू असताना तिच्या धुरातील विषार कमी दाखवणारी संगणकीय युक्ती जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असल्याचे तिला मान्य करावे लागले. विजेवर चालणाऱ्या मोटारींकडे तिने निकराने तोंड वळवले ते या नामुष्कीनंतर. संकटाने करावयास लावलेले प्रायश्चित्त खरे मानावे की नाही, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. मला ते पुरेसे वाटते. शुद्ध हेतूची वाट पाहत बसल्यास जगातील बरीच सत्कृत्ये व्हावयाची राहतील.

२०१८ च्या एप्रिलात हर्बर्ट डीस हे या संस्थेचे प्रमुख झाले. ते तीनच वर्षांपूर्वी दुसऱ्या मोटार कंपनीतून आलेले, म्हणजे घरात नवखेच. विजेच्या गाडीस इंजिन नाही, धुराची नळी नाही, नाना दातेरी चक्रांची गिअरपेटी नाही. तिचे मोल मुख्यतः बॅटरीत, आणि तिची बुद्धी संगणकाच्या आज्ञावलीत. अर्थात ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या इंजिने जुळवली, त्या हातांस पूर्वीइतके काम उरत नाही. बदल मंदगतीने झाला तर ३०,००० लोकांच्या नोकऱ्या जाऊ शकतील, असे डीस पर्यवेक्षक मंडळापुढे बोलल्याचे वृत्त २०२१ मध्ये बाहेर आले आणि एकच गहजब उडाला. त्या देशाच्या १९७६ च्या कायद्यान्वये अशा मोठ्या संस्थेच्या मंडळावर निम्मे सभासद कामगारांच्या बाजूचे असतात. तंटा वाढत गेला, नव्या गाड्यांच्या आज्ञावलीचे कामही रखडले, आणि २०२२ च्या जुलैत डीस यांस पदावरून दूर करण्यात येत असल्याचे जाहीर झाले.

पुढे काय झाले? २०२४ च्या डिसेंबरात त्याच संस्थेने कामगार संघटनेशी करार केला आणि जर्मनीतील ३५,००० हून अधिक जागा २०३० पर्यंत कमी करण्याचे ठरले. म्हणजे आकड्यापुरते डीस यांचे भय खोटे नव्हते. परंतु एवढ्यावरून त्यांची बाजू निर्दोष ठरते, असे मला वाटत नाही. २०२४ चा आकडा वाटाघाटीतून आला. कोणासही सक्तीने काढणार नाही हे वचन त्याच्यासोबत होते. सत्य दोन्ही वेळी जवळजवळ तेच. पहिल्या वेळी कामगारांस ते धमकीसारखे ऐकू आले, दुसऱ्या वेळी त्यावर त्यांच्या प्रतिनिधींची सही होती. मात्र याची दुसरी बाजूही लपवू नये. सर्व कळत असूनही गोड बोलून वर्षे काढणारा कारभारी लोकांस प्रिय असतो, आणि माझ्या मते तो कटु बोलणाऱ्याहून अधिक दोषी होय, कारण तो ज्यांची फसवणूक करतो त्यांस तयारीचा काळच मिळत नाही.

परंतु या साऱ्या प्रकरणात मनास खरोखर टोचणारी गोष्ट झ्विकाऊ गावाची आहे. ‘ऑडी’ची स्थापना याच गावी १९०९ मध्ये झाली. पुढे पूर्व जर्मनीच्या राजवटीत १९५७ ते १९९१ पर्यंत येथे ‘ट्राबांट’ नावाच्या लहान गाड्या ३० लाखांहून अधिक निघाल्या. ती राजवट गेली, ती गाडीही गेली, आणि फोक्सवॅगनने तेथे बस्तान बसवले. एकदा उद्योग बुडताना पाहिलेल्या या गावास संस्थेने सर्वांत आधी बदलावयास सांगितले. सुमारे १.२ अब्ज युरो खर्चून कारखाना पालटला. सुमारे ८,००० कामगारांस नवे शिक्षण दिले. २०२० च्या जूनमध्ये तेथील शेवटची इंजिनाची गाडी बाहेर पडली आणि कारखाना सर्वस्वी विजेच्या गाड्यांचा झाला. कामगारांनी विश्वास ठेवला, हातची जुनी विद्या सोडली.

मग मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही. जर्मन सरकारने २०२३ च्या डिसेंबरात खरेदीवरील साहाय्य अचानक बंद केले. २०२४ च्या करारात असे ठरले की २०२७ पासून झ्विकाऊकडे ऑडीची एकच गाडी राहावी व तेथील इतर नमुने वोल्फ्सबुर्ग आणि एम्डेन येथे न्यावे. जे बदलण्यास सर्वांत आधी उठले, त्यांच्याच पानातील वाढप कमी झाले! यात कोणाचे कपट नाही, हिशेब आहे. परंतु हिशेबात न मावणारे एक ऋण यात शिल्लक राहते. ज्याने ‘चला’ म्हटले आणि ज्यांनी पाऊल टाकले, त्यांच्यामध्ये लिखित कराराहून निराळे असे काही उत्पन्न होते. पुढे वाट चुकली वा लांबली, तर तिचा भार सर्व घराने सारखा उचलावा. पुढे गेलेल्यांस एकटे सोडू नये.

जीर्णोद्धाराच्या वेळी देवत्वाचे कलशात आवाहन करतात आणि गाभारा उघडा पडला तरी नित्यपूजा खंडित होऊ देत नाहीत. मोटारींच्या कारखान्यातही जुन्या इंजिनांचा नफाच नव्या गाड्यांचा खर्च भागवीत असतो. तेव्हा इंजिनावर काम करणाऱ्यांस ‘कालबाह्य’ म्हणून हिणवणे हे कृतघ्नपणाचे होय. त्यांच्याच घामावर नवे मंदिर उभे राहत आहे.

आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्यांत मोटारींच्या इंजिनास लागणारे ओतीव भाग होतात, आणि मंडळाच्या कुटुंबांत तेथे मालक आहेत तसे भट्टीवर उभे राहणारेही आहेत. वयाने लहान असून सांगतो, याची क्षमा असावी. परंतु पाच-सात वर्षांनी कोणते भाग लागणार नाहीत याचा अंदाज ज्या मालकांस आला असेल, त्यांनी तो आपल्या कामगारांस घरी बोलावून, नवे यंत्र घेण्याआधी सांगावा, आणि ते यंत्र चालवावयास प्रथम कोणास शिकवणार हेही त्याच बैठकीत सांगावे.