ताटावरचे आभार

(पाठ : रोमकरांस पत्र, अध्याय 14)



नॉर्वे देशांत जेवण झालें म्हणजे मूल ताटावरून उठण्यापूर्वीं रांधणाऱ्याकडे पाहून "जेवणाबद्दल आभार" असें म्हणतें. आई रोज रांधते म्हणून हा नेम चुकत नाहीं. परंतु कांहीं मागतांना इंग्रज जसा "प्लीज" म्हणतो, तसा नेमका एक शब्द त्या भाषेंत नाहीं. तेथें नम्रता आवाजांत व वाक्याच्या घडणींत दिसते. इंग्लंडांत याच्या उलट. तेथें "प्लीज" न म्हणणारें मूल उद्धट ठरतें. जेवणानंतर मात्र असें ठराविक वाक्य सर्वत्र म्हणत नाहींत.

आतां नवरा नॉर्वेचा व बायको इंग्लंडची असें घर डोळ्यांपुढें आणा. इंग्लंडची आजी म्हणेल, "ह्या पोरांस मागण्याची रीत नाहीं." नॉर्वेची आजी म्हणेल, "ह्या पोरांस उपकाराची जाणीव नाहीं." पोरें तींच! आमच्या घरीं तर मुलगा "आई, पाणी दे" एवढेंच म्हणतो. "कृपा करून" असें त्यानें जोडलें, तर आई त्यास ताप तर आला नाहीं ना, हें पाहील.

सणाचेंही तसेंच. नॉर्वेंत 24 डिसेंबरच्या संध्याकाळीं देवळांच्या घंटा वाजतात, आणि त्याच रात्रीं मोठें जेवण होऊन भेटी उघडतात. इंग्रज मुलें 25 तारखेच्या सकाळपर्यंत वाट पाहतात. हा प्रश्न राजवाड्यासही सुटला नाहीं. इंग्लंडच्या राजघराण्यांतील मॉड हिचा विवाह 1896 सालीं डेन्मार्कच्या राजपुत्राशीं झाला, आणि 1905 सालीं तीं उभयतां नॉर्वेचीं राजाराणी झालीं. इंग्लंडांत जन्मलेल्या त्यांच्या दोन वर्षांच्या अलेक्झांडरास तेव्हां ओलाव हें नवें नांव मिळालें.

रोमच्या मंडळींत हाच तंटा होता. एक जण एक दिवस श्रेष्ठ मानी, दुसरा सर्व दिवस सारखे मानी. एक सर्व कांहीं खाई, दुसरा केवळ भाजीपाला. पौलानें कोणाचा दिवस खरा, हा निवाडा केलाच नाहीं. तो दिवस कोणासाठीं पाळला, आणि खाणाऱ्यानें व न खाणाऱ्यानें आभार कोणाचे मानले, एवढेंच तो पाहतो.

कोणी म्हणेल, "मग जातिभेद हीही एक रीतच काय?" नव्हे. अंत्युखियांत पेत्र विदेशी बंधूंच्या पंक्तींतून उठून वेगळा बसूं लागला, तेव्हां याच पौलानें त्यास सर्वांदेखत तोंडावर विरोध केला. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत तें वाचावें. ताटांत काय वाढावें ही रीत आहे. पंक्तींत कोणास बसूं द्यावें ही रीत नव्हे. जो ख्रिस्ताच्या मेजावर एकत्र बसतो व घरीं दुसऱ्या वस्तीच्या बंधूस ओसरीवर वेगळें वाढतो, त्यास ह्या 14 व्या अध्यायाचा आसरा नाहीं. हें आम्ही स्पष्ट लिहितों, कारण हा अध्याय त्या कामीं पुढें केलेला आम्हीं ऐकला आहे.

उलट, जी केवळ रीत होती तिला आम्हीं सुवार्ता समजलों. मिशन बंगल्याच्या पायऱ्या बूट घालून चढणारा साहेब पाहून कित्येकांस वाटलें कीं, बूट हें ख्रिस्तीपणाचें चिन्ह आहे, आणि मंदिराच्या दारांत वहाणा काढणारा म्हातारा अजून अर्धा जुन्या धर्मांत आहे. तो साहेब आजच्या नॉर्वेचा असता, तर घराच्या उंबऱ्याशींच त्यानें बूट काढून ठेवले असते! (देवळांत मात्र तो ते घालूनच जातो.) त्या म्हाताऱ्यानें वहाणा प्रभूच्या आदरार्थ काढल्या. त्यास ओट्यावर अडवून शिकविण्याचा अधिकार उपदेशकांस कोणीं दिला?

तुमच्या घरीं दुसऱ्या मिशनच्या मंडळींतून सून आली असेल. ती प्रार्थनेस गुडघे टेकते, तुम्ही उभे राहतां. तिच्या माहेरीं नाताळास भजन टाळमृदंगावर होई, तुमच्याकडे पेटीवर होतें. सासूबाईंनीं येत्या नाताळाच्या आदल्या रात्रीं तिला जवळ बसवून विचारावें, "मुली, तुमच्याकडे हा सण कसा पाळीत?" ती जें सांगेल त्यांतलें एक तरी त्या रात्रीं घरांत होऊं द्यावें, आणि जेवणापूर्वींची प्रार्थना तिलाच करावयास सांगावी.