मोत्याचे मौन

आमचा मोत्या भुंकतो. कुत्र्याविषयी असे वाक्य लिहिण्यात तसे काही विशेष नाही. पाणी वाहते, कावळा काव काव करतो, तसा कुत्रा भुंकतो. पण कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर, भिंतीला भिंत आणि एकाच्या छतावर दुसऱ्याची फरशी अशा घरांत राहू लागल्यापासून या साध्या वाक्याला तक्रारीचा सूर चिकटला आहे. वाड्याच्या दिंडीपाशी बसून जो भुंके त्याला आपण राखणदार म्हणत होतो. तोच प्राणी कुलूपबंद फ्लॅटमध्ये भुंकू लागला की तो उपद्रव ठरतो. कुत्रा तोच, भुंकणेही तेच. बदलले आहे ते आमचे बिऱ्हाड.

मोत्या गावठी आहे. पावसात भिजलेले पिल्लू मुलीने उचलून आणले, दोन दिवसांपुरते म्हणून. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. आम्ही नवराबायको कचेरीत आणि मुलगी कॉलेजात गेली की सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत तो घरात एकटा असतो. त्या सात तासांत तो काय करतो याचा विचार मी कधी केलेला नव्हता. केला तो खालच्या मजल्यावरच्या काकांमुळे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी काका जिना चढून वर आले. ते निवृत्त शिक्षक. काकू मांडीचे हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. रात्र त्यांच्या दुखण्यात जाते, तेव्हा दुपारी जो काही डोळा लागेल तेवढीच दोघांची झोप. चहा घेऊन झाल्यावर बराच वेळ कप हातात फिरवीत काका म्हणाले, “रागावू नका हं, पण तुमचा मोत्या दुपारी फार बोलतो. हिचा डोळा लागतो न लागतो तोच सुरू होतं त्याचं.”

‘भुंकतो’ म्हणाले नाहीत, ‘बोलतो’ म्हणाले. एखाद्याने भांडण काढले तर उलट भांडता येते. या सौजन्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मग मी मोत्याला सुधारण्याचे मनावर घेतले. प्रथम ओरडून पाहिले. माझा आवाज चढला की मोत्या अधिक उत्साहाने भुंके. आपला मालकही आपल्याबरोबर भुंकत आहे, असा त्याचा समज होत असावा, आणि तो अगदीच चुकीचा होता असे मला आता वाटत नाही. मग वर्तमानपत्राची सुरळी करून झाली. तिने एवढेच साधले, की माझ्या हातात वर्तमानपत्र दिसले की मोत्या पलंगाखाली जाऊन तेथून भुंकू लागला.

एका मित्राने अखेर रामबाण उपाय सांगितला. गळ्यात बांधायचा एक पट्टा मिळतो. कुत्रा भुंकला की घशाच्या कंपनाने त्यातले यंत्र जागे होते आणि त्याला विजेचा लहानसा झटका देते. मी तो मागवला. आधी स्वतःच्या मनगटावर धरून पाहिला, हे मी अभिमानाने सांगत असे. झटका फार मोठा नव्हता. ‘मुंगी चावल्यासारखा,’ असा निर्वाळा मी घरात दिला. मनगटावरचा झटका केव्हा बसणार हे मला ठाऊक होते आणि तो कशासाठी बसणार हेही ठाऊक होते, एवढा फरक मात्र तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

पट्ट्याने काम चोख केले. दुसऱ्या दिवशी घर शांत झाले. काकांनी जिन्यात भेटून आभार मानले. लिहायला संकोच वाटतो, पण त्या दिवशी मी फार खूश होतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी कुलूप उघडले, तर दारात मोत्या नव्हता. एरवी माझ्या पायरव्यावर नाचणारा तो प्राणी जेवणाच्या टेबलाखाली भिंतीला पाठ लावून बसला होता. शेपटी हलली, पण तो उठला नाही. त्याच्या हिशेबी भुंकण्याचे आणि झटक्याचे नाते जुळलेच असेल असे नाही. दाराचे आणि झटक्याचे जुळले असेल, किंवा माझे आणि झटक्याचे.

त्याला तसे बसलेले पाहून मला आमचे लहानपणचे घर आठवले. वडिलांच्या चपला पायरीवर वाजल्या की आम्ही भावंडे जेथे असू तेथे गप्प होत असू. पाहुणे कौतुक करीत : काय शिस्त आहे हो मुलांना! वडिलांनी हात क्वचितच उचलला असेल. पण त्या शांततेत आम्ही काही शिकत होतो असे म्हणवत नाही. आम्ही फक्त भिंतीला पाठ लावून बसत होतो. वडील गेल्यावर त्यांच्याशी बोलायचे म्हणून पुष्कळ काही आठवले.

पट्टा मी त्याच रात्री काढला. पुढे कळले, की वेल्समध्ये असे पट्टे वापरण्याला 2010 पासून बंदी आहे. आणखीही एक गोष्ट कळली आणि ती वाचून अंगावर काटा आला. शस्त्रक्रिया करून कुत्र्याच्या स्वरतंतूंचा काही भाग काढून टाकतात. कुत्रा भुंकत राहतो, पण घशातून केवळ घोगरी फुसफूस बाहेर येते. 1987 मध्ये युरोपातल्या पाळीव प्राण्यांविषयीच्या करारात या शस्त्रक्रियेला मनाई करण्यात आली. ज्या अर्थी मनाई करावी लागली, त्या अर्थी ती सर्रास होत असली पाहिजे.

कुत्र्याला गप्प करण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मात्र आपल्याकडचा आहे. पांडवांचा कुत्रा रानात एकलव्याला पाहून भुंकू लागला आणि एकलव्याने सात बाण मारून त्याचे तोंड भरून टाकले. त्या स्थितीत कुत्रा परत आला. पांडव त्या नेमबाजीने थक्क झाले, अर्जुनाला मत्सर वाटला, द्रोणाचार्यांनी अंगठा मागितला. त्या अंगठ्यासाठी आपण आजवर हळहळत आलो आणि ते योग्यच आहे. पण तोंडात बाण घेऊन परतलेल्या त्या मुक्या जिवाचे पुढे काय झाले, हे विचारायचे मला पन्नाशीपर्यंत सुचले नव्हते. खरे तर महाभारताच्या आरंभीच सरमेची गोष्ट आहे. जनमेजयाच्या सत्रात तिच्या पिल्लाने हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. सरमा राजाला जाब विचारायला आली, कोणी उत्तर दिले नाही, तेव्हा तिने शाप दिला : निरपराध्याला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. मोत्याच्या टेबलाखालच्या डोळ्यांपुढे मला ती गोष्ट फार जवळची वाटली.

यावर कोणी म्हणेल, मग भुंकू द्यावे. तो त्याचा निसर्ग आहे. हा युक्तिवाद मीही मनाशी करून पाहिला, कारण तो सोयीचा आहे. पण तो टिकत नाही. कुत्र्याचा पूर्वज जो लांडगा, तो मोठा झाल्यावर फारसा भुंकत नाही. हे एवढे भुंकणे कुत्र्याने माणसाच्या संगतीत कमावले. आम्हाला राखणदार हवा होता, तेव्हा जो अधिक भुंकला तो आम्ही जवळ ठेवला. हजारो वर्षे ज्या गुणासाठी भाकरी घातली तोच गुण फ्लॅटमध्ये आल्यावर दोष ठरवायचा, आणि वर सगळे निसर्गावर सोपवायचे, हे बरे नव्हे. भुंकणे ही आमची दोघांची मिळून झालेली गोष्ट आहे. तिच्यातला माझा वाटा मला उचलायलाच हवा होता.

तो उचलायचा तर आधी मोत्या काय म्हणतो आहे हे ऐकणे भाग होते. एके दिवशी घरात फोन ध्वनिमुद्रणाला लावून आम्ही बाहेर पडलो. संध्याकाळी तिघांनी बसून ते ऐकले. कुलूप लागल्याचा आवाज, मग दोन मिनिटे शांतता, मग एक भुंकणे. थांबून आणखी एक. वरच्या पट्टीतली, एकेकटी, मध्ये लांब अंतर सोडून मारलेली हाक. दार वाजल्यावरचे मोत्याचे भुंकणे असे नसते. ते खालच्या पट्टीतले, भराभर येणारे असते. बारा वर्षांच्या लेखनिकीनंतर अर्ज आणि तक्रार यांतला फरक मला पहिल्या ओळीत कळतो, पण घरातल्या कुत्र्याचे हे दोन आवाज मी एकच समजत आलो होतो. मुलगी मध्येच उठून आत गेली.

बुडापेस्टच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 साली याच विषयावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. परका माणूस आल्यावरचे, फिरायला निघतानाचे, खेळतानाचे, झाडाला एकट्याने बांधून ठेवल्यावरचे असे कुत्र्यांचे आवाज त्यांनी माणसांना ऐकवले. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नाही अशांनाही कोणते भुंकणे कोणत्या प्रसंगाचे हे निव्वळ अंदाजापेक्षा चांगले ओळखता आले. म्हणजे कान सर्वांना आहे. माझा मी वापरला नव्हता, एवढेच.

आपल्या देशात 1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध कायदा झाला. त्यात मारझोड, उपासमार वगैरे अपेक्षित गोष्टी आहेतच. पण नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने वाजवी व्यायाम घडवला नाही तर तीही क्रूरताच, असे स्वच्छ म्हटले आहे. स्वतःला भूतदयावादी समजणाऱ्या माणसाने ते कलम एकदा वाचावे. मी दोनदा वाचले.

त्यानंतरचे काम कंटाळवाणे होते, थोडक्यात सांगतो. पहाटे उठून मोत्याला वेताळ टेकडीवर नेऊ लागलो. रस्त्याकडच्या खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागद चिकटवला. सुटीच्या दिवशी चपला घालायच्या, किल्ली वाजवायची आणि पुन्हा खुर्चीत बसायचे, मग दार ओढून अर्धा मिनिट बाहेर, मग एक मिनिट, मग पाच. शेजाऱ्यांना माझ्या डोक्याविषयी शंका आली असावी. दाराच्या घंटेसाठी वेगळा अभ्यास. दोनचार वेळा भुंकू द्यायचे, शांत स्वरात ‘पुरे’ म्हणायचे, आणि तो दोन श्वास थांबला की तेवढ्यात चीजचा मटाराएवढा तुकडा द्यायचा. तुकडा थांबण्याबद्दल आहे, भुंकण्याबद्दल नव्हे. क्षणभर उशीर झाला की नेमके उलटे शिकवले जाते. जाणकार असेही सांगतात, की आधी हुकमावर भुंकायला शिकवा, मग गप्प राहायला शिकवणे सोपे जाते. तो पहिला भाग मला सर्कशीतला वाटला आणि मी तो गाळला. आम्ही घरी असताना लक्ष वेधण्यासाठी तो भुंके, त्याकडे दुर्लक्ष करायचे ठरवले, तर पहिला आठवडा तो दुप्पट भुंकला. जी युक्ती आजवर लागू पडली ती सोडण्याआधी सारेच एकदा जोर लावून पाहतात.

या सगळ्याला सात महिने लागले. येथेच एक गोष्ट मला खुपत राहिली आणि अजूनही खुपते. पट्टा काढला त्या रात्री मला स्वतःविषयी फार उदात्त वाटले होते. पण त्यानंतर जो आवाज दुपारी खाली जात राहिला तो मी ऐकला नाही. मी कचेरीत होतो. तो काकूंनी ऐकला. माझ्या दयेचे हप्ते खालच्या मजल्यावरून वसूल होत होते. पट्ट्याने चार दिवसांत दिलेली झोप मी त्यांच्याकडून परत घेतली होती, तीही त्यांना न विचारता.

अखेर खाली जाऊन काकांना सारे सांगितले. पट्ट्याचेही सांगितले. म्हटले, “वेळ लागेल, काका. कदाचित सहा महिने.” ते म्हणाले, “मुलांनाही लागायचा.” पत्नीने आठवड्यातून दोन दुपारी घरून काम मागून घेतले, मुलगी तास चुकवून येऊ लागली. (ती मोत्यासाठीच चुकवत होती का, याची चौकशी मी केली नाही.) पण सज्जन माणसाने भिडेपोटी दिलेला होकार खरोखर होकार असतो का? काका ‘नाही’ म्हणू शकले नसते, हे ठाऊक असूनच मी विचारायला गेलो होतो. मुक्या जिवाला दुःख देऊ नये हे मला पटले, पण म्हणून ते दुःख बोलता न येणाऱ्याकडून काढून बोलता येत असून न बोलणाऱ्याच्या उशाशी ठेवावे काय? या हिशेबाची बाकी माझ्याकडून अजून शून्य झालेली नाही.

यंदा गणपती उठल्यावर चारपाच दिवसांनी काका पुन्हा जिना चढून आले. मी घाबरतच दार उघडले.

“बरं आहे ना त्याचं?” त्यांनी विचारले. “आठवडा झाला, दुपारचा आवाज नाही. ही सारखी विचारतेय.”

मी मोठ्या उत्साहाने सांगितले, की मोत्या आता दुपारभर झोपतो. काकांना आनंद झाला. “छान झालं. आमचीही झोप होते आता,” असे म्हणाले आणि तरी उभेच राहिले. मग म्हणाले, “पण हिला कळायचं हो. पोस्टमन आला की एक तऱ्हा, गॅसवाला आला की दुसरी, तुमची मुलगी आली की आणखी वेगळी. पडल्या पडल्या मला सांगायची, आता वरची पोर आली बघा. झोप मोडायची हे खरंच. पण खाटेवरून जिन्यातलं तिला तेवढंच दिसायचं.”

त्या संध्याकाळी मी मोत्याला खाली नेले. औषधांच्या वासाने तो उंबऱ्यापाशी थबकला, मग खाटेजवळ जाऊन त्याने काकूंच्या हाताला नाक लावले. त्या हसल्या. त्याच्या कानामागे खाजवीत म्हणाल्या, “भुंक की रे एकदा.”

मोत्याने त्यांच्याकडे पाहिले आणि मग मान वळवून माझ्याकडे. त्याला ‘पुरे’ हा शब्द पक्का येत होता. त्याच्या उलटचा शब्द मी शिकवला नव्हता.