फोटो काढू दिला म्हणून?

डिसेंबर १९८१मध्ये लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या स्टुडिओत एका २३ वर्षांच्या गायक-वादकाचे फोटो काढले. काम ‘न्यूजवीक’चं होतं आणि तो तरुण होता प्रिन्स. त्याचं नाव होऊ लागलं होतं. त्याचा ‘पर्पल रेन’ अल्बम अजून अडीच वर्षं दूर होता. बाईंनी त्याच्या पापण्यांना आणि ओठांना जरा रंग लावला, चेहऱ्याची ठेवण उठून दिसेल असा प्रकाश योजला. तो फार अवघडलेला होता, असं पुढे त्यांनीच सांगितलं. ‘न्यूजवीक’ने अखेर स्टुडिओतला फोटो घेतलाच नाही, कार्यक्रमातला छापला.

१९८४ साली ‘व्हॅनिटी फेअर’ने त्या बैठकीतला एक कृष्णधवल फोटो ४०० डॉलर देऊन घेतला. चित्रकार अँडी वॉरहॉलने त्यावरून एक चित्र करायचं आणि ते एकदाच छापायचं, अशी अट होती. वॉरहॉलने त्यावरून १६ कामं केली. २०१६मध्ये प्रिन्स वारला, तेव्हा ‘व्हॅनिटी फेअर’च्याच प्रकाशन समूहाने त्यांतलं नारिंगी चित्र विशेषांकाच्या मुखपृष्ठावर घेतलं. वॉरहॉल फाउंडेशनला १० हजार डॉलर मिळाले. गोल्डस्मिथ यांना पैसे नाहीत, नामोल्लेखही नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २०२३मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला.

निकाल मला रास्त वाटतो. एका वापरासाठी दिलेली परवानगी दुसऱ्या वापराला पुरत नाही, हे त्यातून ठळक झालं. पण त्या साऱ्या वादात ज्याचा चेहरा होता त्याला काय वाटत होतं, हा प्रश्न कुठे येत नाही. येण्याचं कारणही नव्हतं, कारण कॉपीराइटचा कायदा फोटो कोणाचा एवढंच पाहतो. ज्या प्रिन्सने पुढे आपल्या ध्वनिमुद्रणांच्या मालकीसाठी रेकॉर्ड कंपनीशी उघड भांडण मांडलं, गालावर ‘गुलाम’ असं लिहून तो लोकांसमोर आला, त्याचा तो अवघडलेला तरुण चेहरा आता निकालपत्रातही छापलेला आहे.

आपल्याकडचा १९५७चा कॉपीराइट कायदाही मुळात याच वाटेने जातो, फक्त त्यात एक तरतूद फार थोड्या तरुण कलाकारांना ठाऊक असते. कलम १७नुसार, पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे एखाद्या सतारवादक मुलीने स्टुडिओत पैसे मोजून पोर्ट्रेट काढून घेतलं, तर ते तिचं. तेच मित्राने हौसेने, फुकट काढलं तर मित्राचं. सतार मांडीशी घेऊन ती तितकाच वेळ बसली, चेहरा तोच, तरी हक्क फिरला. माझ्या मते इथे कायदा अपुरा पडतो.

आणि कायद्याआधी आपली सवय अपुरी पडते. कार्यक्रमाचं पोस्टर करायचं असलं की आयोजक कलाकाराच्या इन्स्टाग्रामवरून फोटो उचलतात. तो व्हॉट्सॲपवर फिरतो, वर्षभराने कुठल्याशा गायनवर्गाच्या जाहिरातीत दिसतो. त्या वर्गाशी कलाकाराचा काही संबंध नसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘प्रसिद्धीच होतेय ना!’ हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं. ते नेमकं अशा माणसाला दिलं जातं, ज्याला प्रसिद्धीची गरज आहे आणि म्हणून तक्रार करता येत नाही. विशीतल्या गायिकेने एका मंडळाला खडसावलं, तर पुढच्या वर्षी तिला बोलावणार कोण?

याच संगीताच्या जगात परवानगीची रीत जुनी आहे. गुरूने विचारल्याशिवाय गाऊ नको म्हटलेली बंदिश शिष्य मैफलीत काढत नाही. तालमीचं रेकॉर्डिंग बाहेर जात नाही. केसरबाई केरकर आपलं गाणं मुद्रित होऊ देण्याबाबत किती कठोर होत्या, हे जुने रसिक आजही सांगतात. गाण्याबाबत इतकं जपणारी माणसं गाणाऱ्याच्या चेहऱ्याबाबत बेफिकीर कशी राहतात?

यावर एक आक्षेप खरा आहे. न विचारता टिपलेले फोटो नसते तर आपल्या संगीताचा दृश्य इतिहास फार दरिद्री राहिला असता. मान्य. पण तान घेताना मिटलेले डोळे, समेवर उचललेला हात हे मैफलीतले फोटो आहेत. तिथे कलाकार आपण होऊन लोकांसमोर बसलेला असतो. पोर्ट्रेट दोन माणसांच्या विश्वासातून होतं. त्यात कलाकार गात नसतो, फक्त स्वतः असतो, आणि तो विश्वास तिसऱ्याला परस्पर वापरता येत नाही.

नामवंतांना न्यायालयाचा आधार मिळू लागला आहे. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंहचा आवाज, नाव, छबी यांच्या अनधिकृत वापराविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. मिरजेच्या एखाद्या १७ वर्षांच्या मुलाला वकील कुठून परवडणार? २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो, पण ज्याची माहिती त्यानेच ती सार्वजनिक केली असेल, तर तिला हा कायदा लागू होत नाही. आपला फोटो आपणच पोस्ट केलेला मुलगा तिथे उघडाच पडतो. आता एका स्थिर फोटोवरून बोलता-गाता चेहरा तयार करता येतो, त्यामुळे हा उघडेपणा पूर्वीइतका किरकोळ राहिलेला नाही.

म्हणून जबाबदारी आयोजकांवर, वर्ग चालवणाऱ्यांवर आणि आपल्यासारख्या कौतुकाने फोटो पुढे पाठवणाऱ्यांवर येते. मानधन ठरतं त्याच वेळी कोणता फोटो, कुठे, किती काळ हेही लेखी ठरावं. अल्पवयीन असेल तर पालकांना विचारावंच, शिवाय त्या मुलालाही. आणि त्याने नको म्हटलं, तर कारण मागू नये. गुरू बदललेला असेल, आवाज फुटत असेल, त्या फोटोतलं आपलं रूप त्याला आता आवडत नसेल. ते त्याने आपल्याला का सांगावं?