जे वहीत मांडलेच नाही

ख्रिस्ती मंडळीचे उपासनावर्ष एकतीस डिसेंबरला संपत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस ख्रिस्तराजाचा सण झाला की ते वर्ष सरते. त्यापुढच्या रविवारी आगमनकाळ लागतो आणि नाताळपर्यंत चार रविवार वाट पाहण्यात जातात. आगमनकाळाचा पहिला रविवार हा नव्या वर्षाचा पहिला दिवस, पण त्याला ना फटाके ना पक्वान्ने. कॅथलिक चर्चमध्ये वेदीवर जांभळे वस्त्र येते आणि रविवारच्या मिस्सात गौरवगीत गात नाहीत. आनंदाआधी थोडे थांबावे, असा हा रिवाज आहे.

आपल्या शिंदखेडा तालुक्यातही हे दिवस हिशेबाचेच. कापसाची वेचणी चालू असते, खेडा खरेदीवाल्यांच्या गाड्या गावोगाव फिरतात, दिवाळीची उधारी फिटते किंवा पुढे ढकलली जाते. म्हणूनच ख्रिस्ती वर्षाच्या शेवटी जो हिशेब वाचला जातो, तो इथल्या माणसाला परका वाटू नये.

ख्रिस्तराजाचा सण जुना नाही. पोप पायस अकरावे यांनी तो १९२५ साली सुरू केला. पहिल्या महायुद्धात राजघराणी कोसळली होती आणि देवाला वाहावी तशी निष्ठा माणसांकडून मागणारे नवे सत्ताधीश युरोपात पुढे येत होते. त्यांच्यासमोर चर्चने आपला राजा उभा केला. आधी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असणारा हा सण १९६९ च्या सुधारणेत वर्षाच्या शेवटी नेला गेला. दर तीन वर्षांनी त्या दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय वाचतात. त्यात राजा न्यायाला बसतो. किती प्रार्थना केल्या, किती देणग्या दिल्या, हे तो विचारत नाही. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र मिळाले का आणि आजाऱ्याची, कैद्याची विचारपूस झाली का, एवढेच तो पाहतो. कारण त्या प्रत्येकाच्या जागी मीच होतो, असे तो सांगतो.

या कथेत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. निकाल ऐकून दोन्ही बाजूंचे लोक सारखेच चकित होतात. आम्ही तुला कधी पाहिले, असे दोघेही विचारतात. ज्यांनी केले, त्यांनी ते जमेला धरले नव्हते. ज्यांनी टाळले, त्यांनी ते नावे टाकले नव्हते. आपण जे वहीत मांडलेच नाही, त्याचाच शेवटचा हिशेब होणार आहे.

मग आपल्या वहीत काय मांडलेले नसते? शेतकरी भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर कापूस नेतो. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कमी होतो, बाराच्या वर गेला की गाडी परत फिरते. व्यापाऱ्याच्या काट्यावर कट्टीच्या नावाखाली वजन कापले जाते. हा अन्याय त्याला वर्षभर आठवतो आणि तो आठवावाच. पण त्याच शेताच्या बांधावर संध्याकाळी वेचणाऱ्या बाईचे गाठोडे काट्याला लागते. तिची मजुरी किलोवर ठरलेली. वरचा अर्धा किलो कुठे कुठे सहज सोडून दिला जातो. तो कुठल्याच वहीत नसतो. बाजारात आपण लुबाडले जातो, हे पक्के ध्यानात राहते. बांधावर आपण काय केले, ते घरी पोहोचेपर्यंत विसरले जाते.

दिवाळीनंतर याच भागातून मजुरांची बिऱ्हाडे हलतात. मुकादमाकडून उचल घेतलेली धुळे-नंदुरबारची आदिवासी कुटुंबे कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या उसात जातात. कारखाने बंद होईपर्यंत मुलेही तिकडेच. वाढप्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना लग्नसराईत कोण आले नाही ते आठवते. शाळेच्या बाकावरून कोण गेले, ते फारसे कुणाला आठवत नाही.

आगमनकाळाचा अर्थ कळायला खानदेशातलेच एक उदाहरण आहे. स्वीडनमध्ये १८५२ साली जन्मलेले फ्रेडरिक फ्रॅन्सन हे प्रवचनकार ख्रिस्त लवकरच परत येणार, असे ठासून सांगत. त्यांनी शिकागोत उभ्या केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात आले. जगाचा शेवट जवळ आहे असे मानणाऱ्याने हात बांधून आकाशाकडे बघत बसावे, अशी आपली समजूत. पण या मिशनच्या लोकांनी नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला दवाखाना उभा केला. आपल्या शिंदखेड्याच्या स्टेशनावरून जाणाऱ्या सुरत मार्गावरच, नंदुरबारच्या पुढे, ते गाव आहे. मिशनच्या कामावर, धर्मांतरावर वाद झाले आणि होतील. पण तापाने फणफणलेल्या भिल्ल बाळाला औषध मिळाले, ही नोंद त्या वादात पुसली जाऊ नये. वाट पाहणे आणि काम करणे यांत भांडण नसते, हे तो दवाखाना दाखवतो.

न्यायाचा अध्याय आधी आणि वाट पाहणे नंतर, हा क्रम म्हणूनच शहाणपणाचा आहे. हिशेब न करता पाहिलेली वाट म्हणजे नुसता आळस. आणि पुढे काही येणारच नसेल, तर हिशेब नुसता पश्चात्ताप होऊन बसतो. हिशेब झाल्यावरही चार आठवडे हातात राहतात. चूक दुरुस्त करायला तेवढे पुरतात. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या दत्तयात्रेला जाणाऱ्यालाही हा क्रम पटावा. देवदर्शनाआधी देणे फेडावे, ही शिकवण आपल्याकडे नवी नाही.

म्हणून यंदा चर्चमध्ये जाणाऱ्याने आणि न जाणाऱ्यानेही तीन गोष्टी कराव्यात. वेचणीचे वजन पुरते धरावे. मजुरी त्याच आठवड्यात चुकती करावी. आणि उसाला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह सुरू आहे की नाही, हे शाळेत जाऊन विचारावे. नसेल तर ग्रामसभेत तो विषय मांडावा. नाताळची चांदणी आणि गोठा त्यानंतर सजवावा.