कुबट वासाचं मूळ

पावसाळ्यात भरल्या घरात दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास येतो आणि बोल मात्र घरातल्या बाईला लागतो. हा अन्याय आहे. वास येतो तो कापडात उरलेल्या घामावर, तेलकटपणावर वाढणाऱ्या जिवाणूंमुळे. मॉराक्सेला ओस्लोएन्सिस हा त्यांतला एक, कपडा वाळला तरी तग धरणारा. त्याच्यापुढे उदबत्तीचं काय चालणार? सुती दुपटी, टॉवेल, पंचे 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत, घट्ट पिळून पंख्याखाली सुटे पसरावेत. बादली उचलायला घरातल्या पुरुषांनीही पुढे यावं. मोरीतून येणाऱ्या वासाचं निराळं. जाळीखालच्या वळणात साचलेलं पाणी गटाराची हवा अडवतं. घर बरेच दिवस बंद राहिलं की ते आटतं. तिथे आधी तांब्याभर पाणी ओतून पाहावं.