भोपळ्याची बोली

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात दगडी बांधणीचं छोटं चर्च होतं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं, पुढे ते खेड्यापाड्यांत पोचलं आणि त्यातूनच ही मंडळी उभी राहिली होती. घरं थोडी होती. बहुतेक जण दुसऱ्याच्या रानात मजुरीला जात.

बाजरीची सुगी आटोपली की मंडळी कापणीचा सण करी. ज्याच्या घरी जे असेल ते तो चर्चमध्ये आणून ठेवी. पायलीभर बाजरी, कांदे, गवार, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली, पेटी-ढोलकीवर ना. वा. टिळकांची गीतं म्हणून झाली की अंगणात लिलाव होई. बोली जिंकणारा पुष्कळदा वस्तू घरी नेत नसे. "पुन्हा लावा," म्हणून परत देई. एकच नारळ चार-पाच वेळा विकला जाई. रोख पैसे नसले तरी चालत. नाव आणि आकडा वहीत चढे, पैसे सवडीने आणून द्यायचे.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. बोली उठेना. एक लाल भोपळा साठ रुपयांवर अडला होता. पाळकसाहेबांना ते बघवलं नाही. ते उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "हजार!"

टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी भोपळा परत दिला. मग सगळ्यांनाच हुरूप आला. एका पंचांनी त्याच भोपळ्याला सातशे लावले, दुसऱ्यांनी पाचशे. खजिनदार गुरुजी एकेक नाव लिहून घेत होते. भोपळ्याची भाजी संध्याकाळच्या जेवणात सगळ्यांनी खाल्ली.

शेवटी एक तलंग उरली. ती एका म्हाताऱ्या बाईने चारशेला घेतली. तिला सगळे आत्याबाई म्हणत. रोजाने खुरपायला जाणारी, एकटी राहणारी बाई. तिने तलंग परत दिली नाही. काखेत धरली आणि घर गाठलं. तिला ती हवीच होती.

नाताळ गेला, उपवासकाळ लागला, तरी वहीतली रक्कम पुरी जमली नव्हती. वरच्या कचेरीत हिशेब पाठवायचा होता. एका बुधवारी दिवेलागणीला पंच कमिटी चर्चमध्ये बसली. गुरुजींनी वही उघडली. पहिलंच नाव पाळकसाहेबांचं होतं.

"ते हजार खोडा, गुरुजी," पाळकसाहेब म्हणाले. "बोली चढावी म्हणून मी बोललो होतो. भोपळा काही मी घरी नेला नाही."

ते खरंच होतं. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारे होते. त्यांचा पगार दोन महिने थकला होता, मुलीची फी भरायची राहिली होती. गुरुजींनी नावावर रेघ ओढली.

"मग माझंही खोडा," सातशेवाले पंच म्हणाले. "मीही भोपळा परतच दिला होता." पाचशेवाल्यांनी मान हलवली. एकामागून एक रेघा पडल्या आणि पान संपत आलं.

तेवढ्यात दारात आत्याबाई आल्या. "सलाम, पाळकसाहेब," म्हणून त्यांनी पदराची गाठ सोडली. दहादहाच्या चुरगळलेल्या नोटा होत्या, थोडी चिल्लर होती. त्यांनी ती टेबलावर ओतली.

"शेवटचे पन्नास, गुरुजी. मोजून घ्या."

त्यांचे साडेतीनशे आधीच जमा होते. तलंग अंड्यावर आली, तशी अंडी विकून त्यांनी थोडेथोडे भरले होते.

एक पंच हळूच म्हणाले, "आत्याबाई, तुमची कोंबडी मुंगसाने नेली ना गेल्या महिन्यात? राहू द्या हे पन्नास. खोडून टाकू."

"कोंबडी गेली," आत्याबाई म्हणाल्या. "पण चारशे मीच म्हणाले होते ना? देवाच्या घरी, समद्यांपुढं?" मग गुरुजींकडे वळून म्हणाल्या, "पावती द्या. चुलीवर कालवण ठेवून आलेय."

पावती चोळीत खोचून त्या गेल्या. बराच वेळ कोणी बोललं नाही.

"गुरुजी," पाळकसाहेब म्हणाले, "माझं नाव पुन्हा लिहा."

त्या रविवारी उपदेशाला उतारा आधीच ठरलेला होता, प्रेषितांच्या कृत्यांतला हनन्या आणि सप्पीरा यांचा. पाळकसाहेब उभे राहिले, पण उतारा त्यांनी लगेच वाचला नाही. "भोपळ्याचे हजार मी बोललो होतो," ते म्हणाले. "बुधवारी ते मी खोडायला लावले. आता पुन्हा लिहिले आहेत. आज शंभर भरले, दर महिन्याला शंभर भरीन. वही टेबलावर आहे, कोणीही पाहावी." मग त्यांनी उतारा वाचला. उपदेश अगदी थोडक्यात आटोपला.

सातशेवाल्या पंचांनी पुनरुत्थानाच्या सणाआधी पैसे आणून दिले. पाचशेवाल्यांनी कधीच दिले नाहीत. हप्ते पुरे होण्याआधी पाळकसाहेबांची बदली झाली. उरलेले पैसे त्यांनी नव्या गावाहून पाठवले आणि गुरुजींनी पावती टपालाने धाडली.

त्या उताऱ्यातल्या हनन्याचं शेत त्याचं स्वतःचं होतं. विकल्यावर आलेले पैसेही त्याचेच होते, हे पेत्राने त्याला तोंडावर सांगितलं. सगळं आणून दे, असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. थोडं देऊन थोडंच दिलं म्हणाला असता, तर त्यात पाप नव्हतं. त्याने थोडं दिलं आणि सगळं दिल्याचं भासवलं. मंडळीचे सेवक कसे असावेत हे पौलाने तीमथ्याला लिहिलं, तेव्हा एका तोंडाने एक आणि दुसऱ्या तोंडाने दुसरं बोलणारे ते नसावेत, असं बजावलं. सेवकांना आधी पारखून घ्यावं, मग सेवा सोपवावी, असंही त्याने लिहिलं. आपल्या मंडळ्यांत आपण उपदेशाची गोडी पारखतो, आवाज पारखतो, वही मात्र क्वचितच उघडून पाहतो.

यंदाच्या कापणीच्या सणाआधी प्रत्येक मंडळीच्या पाळकांनी आणि पंचांनी मागच्या वर्षीची वही काढावी, आणि तिच्यात पहिल्यांदा आपलं नाव शोधावं.