मूर्ती किती?

दत्तभक्तहो, आपले दत्तप्रभू एका जागी बसणारे दैवत नव्हे. सकाळी काशीला स्नान, दुपारी करवीरात भिक्षा, रात्री माहूरला विश्रांती, असा त्यांचा नित्य संचार. भागवताच्या एकादश स्कंधातला अवधूतही असाच फिरता. यदुराजाला त्याने आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत एक कुमारी आहे. साळी कांडताना तिची कांकणं वाजू लागली, तेव्हा तिने प्रत्येक हातात एकेकच ठेवलं. अवधूताने बोध घेतला : पुष्कळ जमले की कलह, दोघे जमले की गप्पा, म्हणून एकट्याने फिरावं.

पण आपण पडलो संसारी. एकट्याने फिरणं आपल्याला कुठलं जमायला?

मागच्या वर्षी आम्ही तीस जण बसने नर्मदा परिक्रमेला गेलो. गरुडेश्वरी समाधिस्थ झालेले थोरले स्वामीमहाराज पायी फिरले. आमचे गुडघे ऐकत नाहीत, म्हणून बस. ओंकारेश्वरी संकल्प केला, मैयाचं जल कुपीत घेतलं, मैया उजव्या हाताला ठेवून निघालो. तिसऱ्या दिवसापासून कांकणं वाजू लागली. खिडकी कोणाची, पिशवी कोणाची, रात्री घोरतं कोण!

एका काकूंच्या शेजारची जागा रिकामी होती. यजमानांनी दोघांचे पैसे भरले होते, आणि निघण्याच्या दोन महिने आधी ते गेले. काकूंनी पैसे परत मागितले नाहीत. त्या जागेवर लोकांनी पिशव्या रचल्या, तरी त्या काही बोलल्या नाहीत. क्लीनरचं पोरगं मात्र दाराशी पायरीवर बसायचं.

परिक्रमेत माणसाला ‘मूर्ती’ म्हणतात. उत्तर तटावरच्या एका आश्रमात सेवेकऱ्याने विचारलं, “कितनी मूर्ती?” आमचे व्यवस्थापक म्हणाले, “तीस.” मागून काकू म्हणाल्या, “बत्तीस. ड्रायव्हर आणि ते पोर काय मूर्ती नाहीत?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पिशव्या उचलल्या आणि पोराला हाक मारली, “बस रे बाळा इथं. ह्यांनी पैसे भरलेत या जागेचे.” ते बिचारं अंग चोरून बसलं. ओंकारेश्वरी जल अर्पण होईपर्यंत ती जागा त्याचीच होती. भांडणं अगदी संपली म्हणत नाही. पण आवाज उतरला.

मंडळी, अवधूताने कांकणं कमी करून आवाज थांबवला. गृहस्थाला माणसं कमी करता येत नाहीत. त्याने थोडं सरकून बसावं, एवढाच त्याचा मार्ग. घर काय, गाव काय, ही पण लांबच्या पल्ल्याची गाडीच आहे. कोण कुठल्या थांब्यावर उतरेल, सांगता येत नाही. जाणाऱ्याची जागा रिकामी राहते. तिथे पिशव्या ठेवायच्या की पायरीवरच्या कोणाला हाक मारायची, हे आपल्या हाती आहे.

या जयंतीला प्रसादाची पानं मांडताना मूर्ती नीट मोजा. चपला सांभाळणारा, भांडी घासणारी, दाराबाहेर उभा असलेला, सगळे धरून. दत्त महाराज कोणत्या रांगेत बसलेत, कोणास ठाऊक!

श्री गुरुदेव दत्त.